मुंबईहून दुबई : तीन तासांचा हिशेब

गुहागरच्या वाळूवर उभे राहा आणि तोंड समुद्राकडे करा. समोर पाणीच पाणी दिसते. लांबवर आभाळ पाण्याला टेकलेले दिसते. पण पाणी तिथे संपत नाही. आपल्या किनाऱ्यावरून अगदी नाकासमोर पश्चिमेला जात राहिले, तर वाटेत दुसरा देश नाही. सुमारे १९०० किलोमीटर पाणी कापले, की ओमान देशाचा किनारा लागतो. ओमानच्या उत्तरेला, आखाताच्या काठावर, दुबई शहर आहे.

दुबईचे नाव आपल्याकडे कोणाला नवे नाही. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतला कोणी ना कोणी आखातात कामाला आहे. कोणी गवंडी, कोणी वायरमन, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात. त्यांच्या घरची माणसे आमच्याकडे तिकीट घेऊन येतात. विचारतात, "गुरुजी, दुबई किती लांब? विमानाला वेळ किती लागतो?"

या प्रश्नाला गावात तीन उत्तरे मिळतात. एकजण सांगतो, तीन तास. दुसरा सांगतो, छे, एक तास चाळीस मिनिटे. तिसरा म्हणतो, माझा भाऊ चार तास वीस मिनिटांनी पोचला. गंमत अशी, की तिघेही तिकीट वाचूनच बोलत असतात. खोटे कोणीच बोलत नाही. मग खरे कोणते?

हा हिशेब शाळेतल्या गणितासारखा वहीत चुकून भागत नाही. तो चुकला तर काय होते ते आम्ही स्वतः भोगले आहे. ते पुढे सांगतो. आधी अंतराचे पाहू.

अंतर म्हणजे दोन गावांमधली लांबी. पण ती लांबी कोणत्या वाटेने मोजायची? आपल्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. धोपाव्याच्या धक्क्यावर उभे राहिले, की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळ दिसते. तिथली माणसेसुद्धा दिसतात. फेरीबोटीत बसले, की काही मिनिटांत आपण पलीकडे. पण समजा, फेरीबोट बंद आहे. मग गाडीने जायचे, तर धोपाव्याहून मागे फिरायचे, चिपळूण गाठायचे, खेड-दापोलीकडून वळसा घालायचा आणि मग दाभोळ. हा रस्ता शंभर किलोमीटरच्या वर जातो. गावे तीच, खाडी तीच. सरळ अंतर एक आणि वाटेचे अंतर दुसरे.

विमानाला खाडी आडवी येत नाही, डोंगर आडवा येत नाही. म्हणून विमानाचे अंतर मोजताना सरळ अंतर धरतात. ते कसे मोजायचे? शाळेत पृथ्वीचा गोल असतो. त्या गोलावर मुंबईच्या टिंबावर दोरीचे एक टोक धरा. दुसरे टोक दुबईच्या टिंबावर धरा. दोरी ताणा. दोरी जिथून गेली ती सर्वांत जवळची वाट. हे अंतर सुमारे १९३० किलोमीटर भरते. ज्यांना अजून मैल सोयीचे वाटतात त्यांच्यासाठी सांगतो, सुमारे १२०० मैल.

आता हीच दोरी गुहागर आणि मुंबईवर ताणा. ते अंतर फक्त १८० किलोमीटर भरते. पण एस.टी.ने जाताना आपण आधी शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूणला जातो. म्हणजे मुंबई उत्तरेला आणि आपण निघतो पूर्वेला! मग परशुराम घाट, खेड, कशेडी, महाड, माणगाव, पनवेल. असे करत मुंबईपर्यंत ३०० किलोमीटरच्या आसपास होतात. दोरीचे १८० आणि रस्त्याचे ३००. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

अंतर तेच राहते, वेळ मात्र काळाप्रमाणे बदलत आली आहे. दाभोळ हे एके काळी फार मोठे बंदर होते. अरबस्तानातून घोडे घेऊन जहाजे इथे येत. इथून कापड आणि मसाल्याचे जिन्नस तिकडे जात. साधारण साडेपाचशे वर्षांपूर्वी अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी आपल्या मुलखात आला होता. तो उतरला चौलला. बिदरपर्यंत फिरला. काही वर्षे राहिला. परत जाताना तो दाभोळला आला आणि होर्मुझला जाणाऱ्या जहाजात बसला. होर्मुझ म्हणजे आखाताच्या तोंडाशी असलेले बेट. आजच्या दुबईपासून ते फार दूर नाही. म्हणजे त्या गृहस्थाची वाट जवळजवळ आपल्या पोरांचीच वाट म्हणायची.

त्याला किती वेळ लागला असेल? त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. एक महिना जहाज चालले, पण जमीन दिसेना. पुढच्या महिन्यात डोंगर दिसले. पाहतात तर ते आफ्रिकेचे! वाऱ्याने जहाज भलतीकडे नेले होते. तिथून बारा दिवसांनी मस्कत आले. मस्कतहून नऊ दिवसांनी होर्मुझ. म्हणजे दोन महिने तरी गेलेच. शिडाचे जहाज वाऱ्याच्या हातात असे. हिवाळ्यात वारा इकडून तिकडे वाहतो, पावसाळ्यात तिकडून इकडे. वारा बरा असला तर बरे. नाहीतर देवाचे नाव घ्यायचे.

पुढे वाफेवर चालणाऱ्या बोटी आल्या. आमचे वडील मुंबईला आगबोटीने जात. दाभोळला बोट लागे. समुद्र खवळला की उलट्या होत, पण रस्त्यापेक्षा बोट बरी असे ते म्हणत. कोकणातले चाकरमानी असेच मुंबईला गेले. त्या बोटी आता बंद झाल्या.

विमान आपल्याकडे आले ते टपाल घेऊन. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एक छोटे विमान उडवले. त्याला एकच इंजिन होते. अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. सकाळी कराचीहून निघालेले विमान दुपारी मुंबईत. तेव्हा लोकांना ते नवलच वाटले. मग १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हाला उतरत ते १० जूनला लंडनला पोचले. आज मुंबईहून लंडनला साधारण दहा तास पुरतात आणि मध्ये कुठे उतरावे लागत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. विमान किती वेगाने जाते?

एस.टी. गाडी घाटरस्त्याने ताशी चाळीस किलोमीटर गेली तरी पुष्कळ. ताशी म्हणजे एका तासात. मोठे प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ९०० किलोमीटर जाते. आपण ८५० धरू. १९३० ला ८५० ने भागा. उत्तर येते सव्वादोन तासांच्या जरा वर. पण तिकिटाप्रमाणे नीट हिशेब केला तर तीन तास, कधी साडेतीन तासही येतात. हा वरचा पाऊण-एक तास जातो कुठे?

हे समजायला एस.टी.चाच दाखला पुरे. गाडी गुहागर स्टँडवरून सुटली, की लगेच चाळीसच्या वेगाने पळत नाही. स्टँडच्या आवारातून मागे घ्यायची, वळवायची, बाजारातून हळू काढायची. चिपळूण आले तरी शहरात शिरताना वेग कमी. विमानाचे तसेच आहे. तिकिटावर सुटण्याची जी वेळ असते, ती आकाशात उडण्याची वेळ नसते. दारे लावून विमान जागेवरून हलते ती ती वेळ. मग ते चाकांवर हळूहळू धावपट्टीकडे जाते. पुढे दुसरी विमाने रांगेत असतात. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मग उडायचे. उडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटे वर चढण्यात जातात.

वर म्हणजे किती वर? दहा-अकरा किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. अशा सहा कळसूबाई एकीवर एक ठेवल्या, तर विमानाच्या उंचीच्या जवळपास जाता येईल. इतक्या उंचावर कशाला जायचे? तिथे हवा विरळ असते. विरळ हवा विमानाला कमी अडवते, म्हणून तेल कमी जळते. चिखलातून चालणे आणि कोरड्या रस्त्यावरून चालणे यात फरक आहे ना, तसे समजा. ढग आणि पाऊसही बहुतेक खालीच राहतात.

पोचतानाही तेच. विमान लांबूनच खाली येऊ लागते, वेग कमी करते. दुबईच्या विमानतळावर विमानांची गर्दी फार. पाळी येईपर्यंत कधी कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय वाटही दोरीसारखी सरळ नसते. आकाशातही ठरवून दिलेले रस्ते आहेत. त्या रस्त्यांनीच जावे लागते. कुठे लढाई सुरू झाली तर ते रस्तेही बंद होतात. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएलची लढाई चालू असताना कतार देशाने काही काळ आपले आकाश बंद केले होते. तेव्हा विमानांना वाटेतून वळावे लागले. ज्यांची मुले त्या दिवशी प्रवासात होती, त्या घरांत काय चालले असेल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. जाताना तीन तास दहा मिनिटे लागली, तर येताना दोन तास पन्नास मिनिटांत विमान मुंबईला येते. वाट तीच, विमान तेच. मग असे का? खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे लगेच कळेल. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आत जायला जोर लागत नाही. ओहोटी लागली की त्याच होडीला आत न्यायला हात भरून येतात. उंच आकाशात, विशेषतः हिवाळ्यात, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो. दुबईला जाणारे विमान त्या वाऱ्याच्या तोंडावर जाते. परत येणाऱ्या विमानाला तोच वारा मागून ढकलतो. निकितीनचे जहाज वाऱ्याने आफ्रिकेला नेले. आजच्या विमानाला वारा वीस मिनिटांचाच फरक पाडतो, पण पाडतो!

तर तीन तास हे उत्तर बरोबर ठरले. मग एक तास चाळीस मिनिटे कुठून आली? आणि चार तास वीस मिनिटे?

समजा, जातानाच्या तिकिटावर लिहिले आहे, मुंबईहून सुटणार सकाळी १०:००, दुबईला पोचणार ११:४०. वजाबाकी केली की १ तास ४० मिनिटे. परतीच्या तिकिटावर लिहिले आहे, दुबईहून सुटणार दुपारी १:००, मुंबईला पोचणार संध्याकाळी ५:२०. वजाबाकी केली की ४ तास २० मिनिटे. वजाबाकी चुकलेली नाही. चूक एवढीच, की आपण दोन निरनिराळी घड्याळे एक समजलो. सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावच्या घड्याळाची. पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावच्या घड्याळाची. तिकिटावर नेहमी असेच छापतात.

दोन घड्याळे का? सूर्यामुळे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून सूर्य आधी पूर्वेकडच्या देशांना दिसतो, मग पश्चिमेकडच्यांना. दुबई आपल्या पश्चिमेला. आपल्याकडे ऊन अंगणात आले, तरी तिकडे अजून झुंजुमुंजू असते. पृथ्वीची पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश. त्याला लागतात २४ तास. म्हणजे एका तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटे. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. दुबईचे घड्याळ साठ अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. फरक साडेबावीस अंश. साडेबावीस चोक नव्वद. नव्वद मिनिटे म्हणजे दीड तास. पाढे पाठ असले की असे सगळे जुळते.

म्हणून दुबईचे घड्याळ आपल्या मागे दीड तास. इकडे रात्रीचे दहा, तेव्हा तिकडे साडेआठ. ओमानचेही असेच. पण कुवेत, कतार, बहारीन आणि सौदी अरबस्तान यांचे घड्याळ आपल्या मागे अडीच तास आहे. मुलगा कुठल्या देशात आहे ते आधी नीट विचारून घ्या. सगळ्यांनाच ‘दुबईला गेला’ म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. कुवेतला गेलेलाही दुबईला आणि मस्कतला गेलेलाही दुबईलाच!

जातानाच्या तिकिटात दीड तास मिळवा. १ तास ४० मिनिटे आणि दीड तास मिळून ३ तास १० मिनिटे. परतीच्या तिकिटातून दीड तास काढा. ४ तास २० मिनिटांतून दीड तास गेला, उरले २ तास ५० मिनिटे. तिघांचे भांडण मिटले.

घड्याळांचा हा घोळ फक्त परदेशाचा आहे असे समजू नका. १९०६ सालापासून साऱ्या हिंदुस्थानचे एक घड्याळ ठरले. पण मुंबईकरांनी आपला जुना ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. तो ३९ मिनिटे मागे असे. रेल्वेचे घड्याळ एक सांगे आणि शहराचे घड्याळ दुसरे. हा प्रकार १९५५ पर्यंत चालला. आमचे वडील सांगत, की गाडीची वेळ सांगताना ‘कुठला टाइम?’ असे विचारावे लागे. आता तोच प्रश्न दुबईच्या तिकिटाला विचारायचा.

इथवर ठीक झाले. आता आमच्या फजितीची गोष्ट.

आमच्या बहिणीचा मुलगा पहिल्यांदा दुबईला निघाला. व्हिसा आला, तिकीट आले. बहीण म्हणाली, "दादा, तू मास्तर. तूच नीट बघून सांग कधी निघायचं." आम्ही चश्मा लावून तिकीट वाचले. तारीख १२. वेळ ००:३५. आम्हाला एवढे माहीत होते, की ००:३५ म्हणजे रात्रीचे बारा वाजून पस्तीस मिनिटे. म्हटले, बारा तारखेची रात्र. म्हणजे बाराला पहाटे गुहागरहून निघू, संध्याकाळी मुंबईला पोचू, रात्री विमान. वेळ भरपूर आहे.

तसे निघालो. बहिणीने व्याडेश्वराला नारळ ठेवला. पोराच्या हाताला दह्याची कवडी दिली. संध्याकाळी आठ वाजता आम्ही मुंबईच्या विमानतळाच्या दारात उभे. दारावरच्या शिपायाने तिकीट पाहिले. पुन्हा पाहिले. मग म्हणाला, "काका, हे विमान काल रात्रीच गेलं."

आम्हाला खरेच वाटेना. आम्ही त्यालाच शिकवू लागलो, "अहो, तारीख बारा आहे. आज बाराच आहे ना?" तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, तारीख रात्री बाराला बदलते. बारा तारखेचे ००:३५ म्हणजे अकराची रात्र संपल्यावर पस्तीस मिनिटं."

चाळीस वर्षे पोरांना घड्याळ शिकवले, आणि दारावरच्या माणसाने आम्हाला घड्याळ शिकवले. भाचा काही बोलला नाही. बॅगेवर बसून राहिला. ते आम्हाला जास्त लागले. नवे तिकीट काढायला वीस हजारांच्या वर गेले. बहिणीने बांगड्या गहाण ठेवल्या. आम्ही आमच्या पेन्शनीतून दर महिन्याला थोडे थोडे देऊन त्या सोडवल्या. तिकडच्या मालकाने दोन दिवस थांबायचे कबूल केले म्हणून नोकरी वाचली. नसते केले, तर?

ही चूक आमची एकट्याची नाही. आखाताकडची बरीच विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. आपल्या बोलण्यात रात्र ही आदल्या दिवसाची असते. ‘सोमवारची रात्र’ म्हटले, की सोमवारी जेवून झोपल्यावरची रात्र. सूर्य उगवला की आपला नवा दिवस. तिकिटाचा दिवस मात्र मध्यरात्री उगवतो. म्हणून तिकिटावर ००, ०१, ०२, ०३ अशी सुरुवात दिसली, की लगेच सावध व्हायचे. तारीख वाचायची आणि म्हणायचे, ‘आदल्या दिवशी रात्री विमानतळावर हजर.’ दुपारनंतरच्या वेळा १३, १४, १५ अशा लिहिलेल्या असतात. त्यांतून बारा वजा करायचे. १३ म्हणजे दुपारचा एक, २२ म्हणजे रात्रीचे दहा. हे सोपे आहे. घात होतो तो शून्यात. पोचण्याच्या वेळेपुढे कधी +१ असे लिहितात. त्याचा अर्थ, पोचेपर्यंत तारीख एकाने पुढे गेलेली असेल.

आता निघायचे कधी? याचा हिशेब उलटा करायचा, म्हणजे शेवटून पुढे नव्हे तर मागे यायचे. तेच तिकीट घेऊ. १२ तारीख, ००:३५. परदेशाच्या विमानाला तीन तास आधी हजर व्हावे. सामान वजन करायचे असते, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा असतो, तपासणी असते. साधारण एक तास आधी सामानाची खिडकी बंद होते. मग विमान डोळ्यांसमोर उभे असले तरी उपयोग नाही. म्हणजे ११ तारखेला रात्री साडेनऊला विमानतळ. पनवेल ते विमानतळ मुंबईची गर्दी, दोन तास धरा. म्हणजे संध्याकाळी साडेसातला पनवेल सोडायला हवे. गुहागर ते पनवेल, जेवणखाण धरून, आठ तास. म्हणजे सकाळी साडेअकरा. आणि वाटेत गाडी पंक्चर झाली, रस्त्यात काही अडले, तर त्याचे दोन तास. झाले सकाळचे साडेनऊ. ११ तारखेला सकाळी साडेनऊला घराबाहेर पाऊल.

पावसाळ्यात एवढ्यावरही भागत नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला पूर आला, चिपळूण पाण्याखाली गेले, पूल तुटला, कोकण रेल्वेही थांबली. परशुराम घाटात दरड आली तर रस्ता बंद होतो. जून ते ऑगस्टमध्ये विमान असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठावी. कोणा नातेवाइकाच्या खोलीत एक रात्र अडचणीत काढावी. ती नव्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते. गणपतीच्या दिवसांतही रस्ता भरलेला असतो. तेव्हा चिपळूणहून आगगाडी बरी, पण तिचे तिकीट आधी काढलेले हवे.

अजून एक पाहायचे, विमानतळ कोणता? पूर्वी हा प्रश्न नव्हता. मुंबई म्हणजे अंधेरीजवळचा, सहारचा विमानतळ. तिथेही दोन इमारती आहेत, टर्मिनल १ आणि टर्मिनल २. परदेशाची विमाने सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. पण आता पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. आपल्या बाजूने जाताना तो आधी लागतो. पण तिकिटावर एक विमानतळ आणि आपण उभे दुसऱ्यावर, असे झाले तर आमच्यासारखीच गत होईल. तिकीट देणाऱ्याकडून विमानतळाचे नाव विचारून घ्या आणि तिकिटावर त्याखाली रेघ मारून ठेवा.

पुरा प्रवास एकदा मोजून पाहा. सकाळी साडेनऊला गुहागरहून निघालेला मुलगा आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री १२:३५ ला विमानात. पहाटे पावणेचारला विमान दुबईला टेकले. तेव्हा दुबईच्या घड्याळात सव्वादोन. मग पासपोर्टची रांग, सामान, बाहेर कंपनीची गाडी. खोलीवर पोचून पाठ टेकेपर्यंत आपल्याकडचे पावणेसहा वाजलेले. म्हणजे घर सोडल्यापासून वीस तास. त्यात विमानाचे तीन तास दहा मिनिटे. बाकीचे सतरा तास कुठे गेले? बहुतेक गुहागर आणि मुंबईच्या विमानतळाच्या मध्ये. आधी दोन आकडे ध्यानात ठेवायला सांगितले होते. दोरीने मोजले तर गुहागर-मुंबई १८० किलोमीटर. दुबईच्या वाटेचा हा दहावा हिस्सासुद्धा नाही. पण दिवस खातो तो हाच तुकडा. ताशी ८५० किलोमीटर जाणारे विमान आपण वापरले खरे, पण रस्त्याचे ३०० आणि विमानाचे १९३० मिळून २२३० किलोमीटर वीस तासांत झाले. म्हणजे ताशी एकशे दहा-बारा! रस्ता लवकर नीट झाला, तर दुबई आपोआप जवळ येईल, असे आम्ही म्हणतो ते उगीच नाही.

फोनचेही तसेच. विमान टेकले की लगेच फोन येत नाही. तिकडे पोचल्यावर इकडचे सिमकार्ड चालेलच असे नाही. विमान पोचण्याच्या वेळेनंतर दोन तास तरी फोनची वाट पाहावी. तोवर उगाच रडारड करू नये. हे सांगायला सोपे आहे, ते आम्हालाही कळते.

दोन वर्षांनी भाचा रजेवर आला. परत जायचे तिकीट मोबाइलवर आले. त्याची छापील प्रत काढून त्याने आईच्या हातात दिली. आमची बहीण लहानपणी शाळेत गेली नव्हती. मधल्या काळात ती गावातल्या साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. आम्ही चश्मा शोधत होतो, तोवर तिने कागद चुलीजवळच्या उजेडात धरला. बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दोन शून्ये आली तिथे तिचे बोट थांबले.

"दादा," ती म्हणाली, "ही विसाची रात्र, की एकविसाची?"

आम्ही तारीख पाहिली. एकवीस होती.

"विसाची," आम्ही म्हणालो.

"मग विसाला सकाळी निघायचं," ती म्हणाली, आणि कोळशाने भिंतीवर २० लिहून ठेवले.